लॉस एंजेलिसचे धुरके आणि कायद्यातला एक अपवाद

१/
२६ जुलै १९४३. दुसरे महायुद्ध ऐन भरात होते. त्या दिवशी लॉस एंजेलिसवर इतके दाट धुरके उतरले की दोन-तीन चौकांपलीकडचे दिसेना. डोळे झोंबू लागले, घसे खवखवू लागले. जपानने विषारी वायू सोडला, अशी आवई उठली. हल्ला झालेला नव्हता. मग हा धूर होता तरी कोणाचा? या प्रश्नाचा माग काढता काढता अमेरिकेतील मोटारींचे कायदे बदलले. त्याचा हा इतिहास.

२/
पहिला संशय कृत्रिम रबरासाठी ब्युटाडाइन तयार करणाऱ्या एका कारखान्यावर गेला. तो काही काळ बंद ठेवण्यात आला, पण धुरके हटले नाही. मग बोटे तेलशुद्धीकरण कारखान्यांकडे आणि घरोघरच्या परसात कचरा जाळण्याच्या भट्ट्यांकडे वळली.

३/
शहराची जागाच अशी आहे की हवा तेथे अडकून पडते. एका बाजूला पॅसिफिक महासागर, उरलेल्या बाजूंना डोंगर. समुद्रावरून आलेल्या थंड हवेवर उष्ण हवेचा थर झाकणासारखा बसतो आणि खालचा धूर वर जाऊ शकत नाही. स्पॅनिश मोहिमेचा दर्यावर्दी कॅब्रियो १५४२ मध्ये या किनाऱ्यावर आला, तेव्हा त्याने येथील उपसागराला ‘धुराचा उपसागर’ म्हटले होते. त्या काळी धूर होता तो मूळ रहिवाशांनी पेटवलेल्या आगींचा.

४/
शहराने नियम केले. पण धूर सोडणारा कारखाना हद्दीबाहेर असला की ते नियम निरुपयोगी ठरत. म्हणून १९४७ मध्ये गव्हर्नर अर्ल वॉरन यांनी काउंटीनिहाय वायुप्रदूषण नियंत्रण जिल्हे स्थापण्याच्या कायद्यावर सही केली. लॉस एंजेलिस काउंटीचा जिल्हा त्यांतला पहिला. नगरपालिकेच्या हद्दी ओलांडून हवेचा विचार करण्याची ही सुरुवात होती.

५/
तोवरचे धूरविरोधी कायदे प्रामुख्याने भट्ट्या आणि धुराड्यांतून निघणाऱ्या, डोळ्यांना दिसणाऱ्या धुराविरुद्ध असत. आपल्याकडचा १९१२ चा मुंबईचा धूर-उपद्रव कायदाही त्याच परंपरेतला. लॉस एंजेलिसमध्ये मात्र धुराड्यांवर निर्बंध येऊनही डोळे झोंबतच राहिले.

६/
हे कोडे सोडवले आरी हागेन-स्मिट या डच वंशाच्या रसायनशास्त्रज्ञाने. कॅल्टेकमध्ये ते अननसाच्या सुगंधाचा अभ्यास करीत होते. तेच तंत्र त्यांनी शहराच्या हवेला लावले. १९५० च्या दशकाच्या आरंभी त्यांनी दाखवून दिले की पेट्रोलची न जळलेली वाफ आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांच्यावर ऊन पडले की ओझोन तयार होतो. धुरके कोणी एक जण सोडत नव्हता; ते आकाशात शिजत होते. आणि त्याचा मोठा शिधा मोटारी पुरवत होत्या.

७/
हे उत्तर कोणालाच रुचणारे नव्हते. तेल उद्योगाच्या पैशावर झालेल्या संशोधनाने हागेन-स्मिट यांच्या निष्कर्षांवर शंका घेतली. नागरिकांचीही अडचण झाली: आता गुन्हेगार दूरचा कारखाना नव्हता, प्रत्येकाच्या दारातली गाडी होती. १९५७ मध्ये परसातल्या भट्ट्यांवर बंदी आली. गाड्यांचे काय, हा प्रश्न उरलाच.

८/
१९६६ मध्ये कॅलिफोर्नियाने गाड्यांच्या सायलेन्सरमधून निघणाऱ्या वायूंसाठी मर्यादा ठरवल्या. असे करणारे ते अमेरिकेतील पहिले राज्य. पुढच्याच वर्षी गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांच्या सहीने राज्याचे हवा मंडळ स्थापन झाले आणि त्याचे पहिले अध्यक्ष झाले हागेन-स्मिट.

९/
त्याच १९६७ मध्ये वॉशिंग्टनमध्ये निर्णायक लढत झाली. मोटार कंपन्यांना देशभर एकच नियम हवा होता. कॅलिफोर्नियाचे म्हणणे होते: आमची हवा वेगळी, तर आमचा नियम कडक का नसावा? अखेर कायदा झाला तो असा: राज्यांनी स्वतंत्र मर्यादा ठरवू नयेत, मात्र ३० मार्च १९६६ पूर्वी ज्या राज्याने अशा मर्यादा स्वीकारल्या असतील, त्यास केंद्राच्या संमतीने कडक नियम करता येतील. या अपवादाच्या कलमात कॅलिफोर्नियाचे नाव नाही. पण त्या तारखेआधी मर्यादा स्वीकारणारे राज्य एकच होते!

१०/
१९६९ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने बड्या मोटार कंपन्यांवर खटला भरला. प्रदूषण-नियंत्रक साधने रखडवण्यासाठी त्यांनी आपसांत संगनमत केले, असा आरोप होता. खटला त्याच वर्षी तडजोडीने मिटला. १९७५ पासून मात्र कॅटॅलिटिक कन्व्हर्टर गाड्यांत दिसू लागले. शिशामुळे ते निकामी होत असल्याने शिसेविरहित पेट्रोलही पंपांवर आले.

११/
१९७७ मध्ये दोन गोष्टी घडल्या. चार काउंट्यांच्या हवेसाठी एकच प्रादेशिक जिल्हा अस्तित्वात आला. आणि केंद्रीय कायद्याने इतर राज्यांनाही कॅलिफोर्नियाचे नियम जसेच्या तसे स्वीकारण्याची मुभा दिली. एका खोऱ्यासाठी मिळालेली सवलत आता इतरांनाही खुली झाली.

१२/
परिणाम? १९७० च्या दशकाच्या अखेरीस या भागात वर्षातले शंभराहून अधिक दिवस धुरक्याचा आरोग्य-इशारा जाहीर होई. १९९९ मध्ये तसा एकही इशारा द्यावा लागला नाही. तरीही ओझोनच्या बाबतीत हा प्रदेश आजही अमेरिकेतील सर्वांत वाईट प्रदेशांत मोडतो. गाड्या वाढल्या, डोंगर जागचे हलले नाहीत.

१३/
२००२ मध्ये कॅलिफोर्नियाने हाच अपवाद हरितगृह वायूंसाठी वापरायचे ठरवले. इथे खरा पेच उभा राहिला. १९६७ ची सवलत मिळाली होती ती ‘आमची हवा वेगळी’ म्हणून. पण कार्बन डायऑक्साइडला ना खोरे, ना हद्द. नेमक्या याच कारणावरून केंद्राने २००७ च्या डिसेंबरात संमती नाकारली. २००९ मध्ये नव्या सरकारने ती दिली. दरम्यान २००६ च्या कायद्याने राज्याने २०२० पर्यंत आपले उत्सर्जन १९९० च्या पातळीवर आणण्याचे ठरवले. ते उद्दिष्ट २०१६ मध्येच, चार वर्षे आधी गाठले गेले.

१४/
वाद संपलेला नाही. २०१९ मध्ये केंद्राने सवलत काढून घेतली, २०२२ मध्ये परत दिली, २०२५ मध्ये काँग्रेसने त्यातील काही संमती पुन्हा रद्द केल्या आणि प्रकरण न्यायालयात गेले. एक मात्र इतिहासाने दाखवून दिले आहे. कन्व्हर्टर आधी सर्वांच्या संमतीने आणि मग नियम, असा क्रम येथे नव्हता. ज्यांचे डोळे झोंबत होते त्यांनी आधी नियम केला. यंत्र त्यामागून आले. धुरके सर्वांचे असले, तरी पहिला नियम कोणीतरी एकट्यानेच करावा लागतो. तसा अधिकार एखाद्या प्रदेशाला असावा की नाही, हाच १९६७ चा प्रश्न होता. आजचाही तोच आहे.