नसलेल्या रेघेचा शोध

वैद्यकांतील बहुतेक शोध कांहींतरी सांपडल्याचे असतात. १९६३ सालीं स्वीडनमधील माल्मो येथें लागलेला शोध मात्र कांहींतरी नसल्याचा होता. रक्तरसांतील प्रथिनें विजेच्या साहाय्यानें वेगळीं करणाऱ्या पट्ट्या तपाशीत असतां कार्ल-बर्टिल लॉरेल यांना पांच पट्ट्यांवर एक नेहमींची रेघ दिसेना. स्टेन एरिकसन या तरुण सहकाऱ्यासह त्यांनीं त्या पांच रोग्यांचा माग काढला, तेव्हां तिघांचीं फुप्फुसें अकालीं झिजलेलीं निघालीं.

हरवलेलें प्रथिन म्हणजे अल्फा-१ अँटिट्रिप्सिन. तें यकृतांत तयार होतें. पांढऱ्या पेशी जंतूंशीं झगडतांना जो दाहक रस सोडतात, त्यापासून फुप्फुसांचें रक्षण करणें हें त्याचें काम. आईबाप दोघांकडूनही सदोष बीज आलें, कीं हा पहारा उठतो. मग धूर दुहेरी शत्रु होतो: तो पांढऱ्या पेशींना जमवितो आणि उरलेंसुरलें प्रथिनही निकामी करतो.

आतां बालाघाटाच्या डोंगरांतील धारूरकडे पाहावें. या भागांतील पुष्कळ कुटुंबें दरवर्षीं ऊसतोडीस बाहेर जातात. कोपींतली चूल, बिडी, पूर्वीं होऊन गेलेला क्षय—धाप लागण्याचीं इतकीं कारणें डोळ्यांपुढें असतां रक्तांतील उणीव कोण शोधणार? चुलीचा दोष खोटा नव्हे; पुण्याचे संदीप साळवी व लंडनचे पीटर बार्न्स यांनीं २००९ सालीं 'लॅन्सेट' साप्ताहिकांतून बिडी-सिगारेट न ओढणाऱ्यांच्या याच विकाराकडे जगाचें लक्ष वेधलें. पण एक खरें कारण हातीं आलें, म्हणजे दुसऱ्याचा शोध थांबतो, ही खरी अडचण आहे.

हा दोष आपल्याकडे उत्तर युरोपाहून पुष्कळ विरळ मानतात. परंतु विरळ म्हणजे मुळींच नाहीं असें नव्हे. दमेकऱ्याच्या फुप्फुसांत कायमचा अडथळा दिसला, तर आयुष्यांत एकदां तरी हें प्रथिन मोजावें, असा जाणत्यांचा सल्ला आहे. अमेरिकेंत १९८७ पासून तें शिरेवाटे देण्याचा उपचार मान्य आहे. पण तो फार खर्चाचा, आणि गेलेलें फुप्फुस त्यानें परत येत नाहीं.

मग निदानाचा उपयोग काय? धूर टाळणें, लस घेणें, यकृतावर नजर ठेवणें, हें तर आहेच. शिवाय आईबाप दोघेही एकेक सदोष बीज बाळगणारे असतील, तर प्रत्येक भावंडाला तोच विकार असण्याचा संभव चारांत एक असतो. ज्याला अद्याप धाप लागलेली नाहीं, अशा धाकट्या भावाच्या हातांतली बिडी वेळींच सुटली, तर थोरल्याच्या रक्ताची तपासणी सार्थकीं लागली.