फ्लॅमेबल आणि इन्फ्लॅमेबल

फ्लॅमेबल आणि इन्फ्लॅमेबल ही इंग्रजी भाषेतील दोन समानार्थी विशेषणे आहेत. दोहोंचा अर्थ 'सहज पेट घेणारा', म्हणजेच 'ज्वालाग्राही' किंवा 'ज्वलनशील' असा होतो. आरंभीच्या 'इन्'मुळे इन्फ्लॅमेबल म्हणजे 'न पेटणारा' असा समज अनेकदा होतो. तो चुकीचा आहे. हे शब्द मुख्यतः धोक्याच्या सूचनांमध्ये वापरले जात असल्याने असा गैरसमज अपघातास कारणीभूत ठरू शकतो.

व्युत्पत्ती

लॅटिन भाषेत 'फ्लामा' म्हणजे ज्वाळा. त्यापासून 'इन्' हा उपसर्ग लागून पेटवणे या अर्थाचे 'इन्फ्लामारे' हे क्रियापद बनले. इन्फ्लॅमेबल हा शब्द त्यावरून आला आहे. लॅटिनमधील 'इन्' हा उपसर्ग दोन प्रकारचा आहे. इनव्हिजिबल (अदृश्य), इनकरेक्ट (चुकीचा) या शब्दांतील 'इन्' नकारार्थी आहे, तर इन्फ्लॅमेबलमधील 'इन्' 'आत' या अर्थाचा किंवा क्रियेला जोर देणारा आहे. मराठीत 'विफल' या शब्दातील 'वि' अभाव दर्शवतो, मात्र 'विख्यात' या शब्दातील 'वि' अर्थ अधिक ठळक करतो. हा भेद त्याच प्रकारचा आहे.

इन्फ्लमेशन (दाह) आणि इन्फ्लॅमेटरी (दाहकारक, भाषणाच्या संदर्भात भडकाऊ) हे शब्द याच मुळापासून आले आहेत.

वापरातील बदल

दोहोंपैकी इन्फ्लॅमेबल हा शब्द जुना असून सतराव्या शतकात तो इंग्रजीत वापरात होता. फ्लॅमेबल हा शब्द एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीचा आहे. गैरसमज टाळण्यासाठी अमेरिकेतील नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनने १९२०च्या दशकात फ्लॅमेबल या शब्दाचा पुरस्कार केला. ब्रिटिश स्टँडर्ड्स इन्स्टिट्यूशननेही १९५९मध्ये तेच धोरण स्वीकारले. संयुक्त राष्ट्रांच्या धोकादायक मालाच्या वर्गीकरणात पेट्रोलसारख्या द्रवांच्या तिसऱ्या वर्गासाठी फ्लॅमेबल हाच शब्द आहे.

भारतात जुना शब्दही प्रचलित आहे. १९५२च्या इन्फ्लॅमेबल सबस्टन्सेस ॲक्ट या कायद्याच्या नावात तो आहे, तसेच इंधनाच्या टँकरवर 'हायली इन्फ्लॅमेबल' असे लिहिलेले आढळते. याचा अर्थ 'अत्यंत ज्वालाग्राही' असा आहे.

विरुद्धार्थी शब्द

'न पेटणारा' या अर्थासाठी नॉनफ्लॅमेबल हा शब्द वापरतात. मराठीत त्यासाठी 'अज्वलनशील' हा शब्द आहे.

कंबस्टिबल

कंबस्टिबल म्हणजे जळू शकणारा. लाकूड व कोळसा कंबस्टिबल आहेत, परंतु पेट्रोलप्रमाणे एका ठिणगीने ते पेट घेत नाहीत. ज्या किमान तापमानाला द्रवाची वाफ ठिणगीने क्षणभर पेटू शकते, त्याला फ्लॅश पॉइंट म्हणतात. अमेरिकेतील प्रचलित वर्गीकरणात ३७.८ अंश सेल्सियसपेक्षा कमी फ्लॅश पॉइंट असलेले द्रव फ्लॅमेबल, तर त्याहून अधिक असलेले कंबस्टिबल मानले जात. पेट्रोलचा फ्लॅश पॉइंट शून्य अंशाच्याही बराच खाली असतो. त्यामुळे थंड हवेतही पेट्रोलची वाफ पेटू शकते.