हिंगण्याच्या माळावरची झोपडी

आज ‘कर्वेनगर’ ही पाटी वाचून आपण निर्धास्तपणे बसमध्ये चढतो. या भागाचे जुने नाव हिंगणे बुद्रुक. १९०० साली, पुण्यापासून चार मैलांवरच्या या माळावर धोंडो केशव कर्वे यांनी विधवांच्या आश्रमासाठी एक झोपडी उभारली आणि कॉलेजातले काम आटोपून ते रोज पायी तिकडे जाऊ लागले.

स्वातंत्र्य मोठे की सुव्यवस्था, असा वाद निघाला म्हणजे आपल्याला १८९७ चा प्लेग, रँडसाहेब आणि चापेकर बंधू आठवतात. साहजिकच आहे, पिस्तुलाचा आवाज इतिहासात लांबवर ऐकू येतो. पण तोच प्रश्न त्या काळी पुण्याच्या माजघरांतूनही मुक्याने उभा होता. बालविधवेला घरात आसरा नव्हता असे नाही. डोक्यावर छप्पर होते, पानात दोन घास होते. मोबदल्यात द्यायचे ते केस, रंगीत लुगडे, पहाटेपासूनचे कष्ट. आणि शुभकार्यात तोंड दाखवायचे नाही. या बंदोबस्ताला सारे कुळाचार म्हणत.

कर्व्यांनी पहिला घाव समोरून घातला. ११ मार्च १८९३ रोजी त्यांनी गोदूबाई जोशी या विधवेशी विवाह केला. पंडिता रमाबाईंच्या शारदासदनात शिकलेल्या या बाई. मुरूडच्या गावकऱ्यांनी बहिष्काराचा ठराव केला. मुलगा धाडस करतो आणि त्याचा दंड गावात राहिलेली आई भरते, हे अशा वेळी कोणी लिहून ठेवीत नाही!

त्याच वर्षी शारदासदनावर धर्मांतराचे वादळ कोसळले. रानडे-भांडारकरांनी सल्लागारपद सोडले, पालकांनी मुली काढून नेल्या. कर्व्यांच्या पुढील वागण्याची किल्ली मला येथे सापडते. १८९६ साली अनाथ बालिकाश्रम काढताना त्यांनी पुनर्विवाहाचा प्रचार संस्थेबाहेर ठेवला. स्वतः पुनर्विवाह मंडळी स्थापणारा हा गृहस्थ! याला कोणी माघार म्हटले तर मी भांडणार नाही. पण भित्रेपणा मात्र म्हणणार नाही. बापाने मुलीला पाठविलेच नाही, तर ती शिकणार कोठे आणि मोकळी होणार केव्हा? तरी किंमत पडली ती पडलीच. ज्या मुलीला पुन्हा संसार मांडावासा वाटे, तिच्या इच्छेला संस्थेच्या उद्दिष्टांत जागा नव्हती.

आनंदीबाई कर्व्यांची (म्हणजे आपल्या गोदूबाईंची) बहीण पार्वतीबाई आठवले याही विधवा. त्या आश्रमात आल्या, शिकल्या आणि आश्रमासाठी वर्गणी गोळा करीत गावोगाव हिंडल्या. हिंडल्या त्या कित्येक वर्षे केशवपन केलेल्या वेषातच. तो वेष पाहून कित्येक सोवळी दारे उघडली असतील, असे आपले माझ्या मनात येते. केस वाढविण्याचा निर्णय त्यांनी पुष्कळ उशिरा घेतला, आणि तो स्वतःच घेतला. पुढे त्या अमेरिकेसही जाऊन आल्या.