वाऱ्यावर चढणारी होडी

बोरिवलीजवळच्या एक्सर गावात सहा वीरगळ उभे आहेत. मीरा-भाईंदरपासून हे ठिकाण फार लांब नाही. त्यांतल्या काहींवर नौकायुद्ध कोरलेले असून डोलकाठ्या आणि वल्ह्यांच्या रांगा आजही ओळखू येतात. यादव राजा महादेव आणि शिलाहार सोमेश्वर यांच्यात १२६५ च्या सुमारास झालेले युद्धच येथे कोरले आहे, असे अनेक अभ्यासक मानतात. शिल्पकाराने डोलकाठी दाखवली, पण युद्धाचा भार वल्ह्यांवर ठेवला. त्याही मागे गेलो तर यज्ञश्री सातकर्णीच्या नाण्यांवर आपल्याला दोन डोलकाठ्यांचे जहाज दिसते आणि अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात तीन डोलकाठ्यांवर उभट शिडे. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात सोपारा आणि कल्याण ही दोन्ही बंदरे येतात. या बंदरांत ये-जा करणारी जहाजे मोसमी वाऱ्याची वाट पाहत आणि तो पाठीशी आला की निघत. वारा समोरून असताना पुढे कसे जायचे, हा प्रश्न मात्र शिडाच्या साऱ्या इतिहासाच्या मुळाशी आहे.

या प्रश्नाचे एक मोठे उत्तर तिकोनी शिडाने दिले. अरबांनी ते भूमध्य समुद्रात नेले, असे जुनी पुस्तके सांगत. आता मात्र पूर्व भूमध्य समुद्राच्या काठी त्याचे त्याहून कितीतरी जुने पुरावे मिळाले आहेत, काही तर दुसऱ्या शतकापर्यंत मागे जाणारे. म्हणजे हे शीड एका हातातून दुसऱ्या हातात, बहुधा दोन्ही दिशांनी, गेले. आपल्या किनाऱ्यावर त्याचे एक रूप रुजले: पुढचा कोपरा कापलेले, लांब तिरप्या काठीला, म्हणजे परबाणाला, बांधलेले शीड आणि पुढे झुकलेली डोलकाठी. त्यामागचे तत्त्व असे. वारा शिडाला केवळ ढकलत नाही. फुगलेल्या शिडाच्या दोन्ही अंगांनी तो वेगवेगळ्या गतीने वाहतो आणि शिडाला बाजूला ओढतो. होडीचा पाण्याखालचा भाग तिला आडवे सरकू देत नाही. या दोन्हींच्या मध्ये सापडलेली होडी, बोटांत दाबलेल्या ओल्या आठळीसारखी, पुढे निसटते. सगळी चौकोनी शिडे असलेले मोठे जहाज वाऱ्याशी साधारण ६७ अंशांचा कोन राखी. तिकोनी शीड त्याहून जवळ जाई. पण त्याची एक किंमत होती. दिशा बदलताना जड परबाण डोलकाठीच्या पलीकडे न्यावे लागे, म्हणून तांडेल बहुधा होडीची नाळ वाऱ्यातून न नेता पाठ वाऱ्याकडे करून वळवी. वळण सुखरूप होई, पण कमावलेले अंतर थोडे गमवावे लागे.

२४ ऑक्टोबर १६५७ रोजी कल्याण-भिवंडी शिवाजी महाराजांच्या ताब्यात आली आणि तिथल्या खाडीत लढाऊ गलबते आकार घेऊ लागली. या पाण्यातून समुद्राकडे जाणाऱ्या दोन्ही वाटा, वसईची आणि ठाण्याची, तेव्हा पोर्तुगीजांच्या नजरेखाली होत्या. वसई तर त्यांच्याकडे १५३४ पासून होती. जहाजबांधणीसाठी नेमलेला रुई लैतांव व्हियेगस हा पोर्तुगीज तज्ज्ञ १६५९ मध्ये आपल्या माणसांसह काम सोडून गेला, तरी काम थांबले नाही. पुढे आंग्र्यांच्या काळात हे आरमार किती तरबेज झाले, ते रॉबर्ट ऑर्म या इंग्रज इतिहासकाराने लिहून ठेवले आहे. गलबताला दोन डोलकाठ्या असत. मुख्य काठीवर एकच प्रचंड तिकोनी शीड असे आणि त्याचे टोक काठीच्याही वर जाई. शिवाय चाळीस-पन्नास वल्ही. वारा पडला की ही गलबते गुराब या मोठ्या लढाऊ जहाजांना ओढून नेत आणि शत्रूच्या मागच्या बाजूने चाल करत. मोठे इंग्रज जहाज अशा वेळी जागच्या जागी खोळंबून राही. हलक्या वाऱ्यातही होडी वळली पाहिजे, हे या किनाऱ्याने लढून शिकले होते.

येथे एक कालयोग मला फार मोलाचा वाटतो. १७३७ ते १७३९ ही वसईच्या मोहिमेची वर्षे. चिमाजी अप्पांच्या फौजा आजच्या भाईंदरच्या पश्चिमेकडील धारावी किल्ल्यासाठी झुंजत होत्या, आणि त्याच सुमारास, १७३८ मध्ये, डॅनियल बर्नुली यांचा ‘हायड्रोडायनॅमिका’ प्रसिद्ध झाला. वाहत्या द्रवाची गती आणि दाब यांचे नाते त्यात मांडले होते. १७४६ मध्ये पिएर बूगे यांनी जहाज कलंडून पुन्हा सरळ का होते, याचे गणित दिले. १८७० च्या दशकाच्या आरंभी विल्यम फ्रूड यांनी टॉर्कीला पाण्याची लांब टाकी बांधून तीत जहाजांच्या लहान प्रतिकृती ओढल्या. आपणच उठवलेल्या लाटेत होडी अडकते आणि ही मर्यादा तिच्या पाणरेषेवरच्या लांबीवर ठरते, हे त्यातून उलगडले. २५ फुटी पाणरेषेच्या जड होडीला तासाला पावणेसात सागरी मैलांच्या पुढे जाणे कठीण. हलकी, सपाट होडी मात्र लाटेवर चढून ही मर्यादा ओलांडते.

आपल्याकडे हे ज्ञान माणसांच्या हातांत राहिले. जॉन एडी यांनी १८३४ मध्ये आणि जेम्स हॉर्नेल यांनी १९२० मध्ये हिंदी होड्यांची वर्णने छापली, म्हणून बाहेरच्या नजरेला काही दिसले तरी. भाईंदरजवळच्या उत्तन-पालीचा कोळी नाखवा पहाटेच्या मतलई वाऱ्यावर बाहेर पडे आणि दुपारच्या खाऱ्या वाऱ्यावर परते. होडी सारखी वाऱ्याकडे तोंड फिरवू लागली आणि सुकाणू जड झाले, तर शीड थोडे सैल करावे किंवा नीरम, म्हणजे तळातले वजन, हलवावे, हे त्याला ठाऊक होते. उधाणाला चार मीटरांहून जास्त चढ-उतार होणाऱ्या खाडीत खोल तळ चालत नाही, म्हणून आडवे सरकणे किती सोसायचे याचा हिशेब बांधणाऱ्या सुताराच्या डोक्यात असे. स्वातंत्र्यानंतरच्या दोन-तीन दशकांत इंजिने आली. ती आली हे चांगलेच झाले. बर्फ घेऊन दूर जाता आले, वादळापुढे पळता आले. पण शीड उतरले आणि ते हाताळण्याची विद्या शिकायला पुढची पिढी उरली नाही.

शीड किनाऱ्यावर परतले ते खेळ म्हणून. १९८२ च्या आशियाई स्पर्धेतील शर्यती मुंबईच्या पाण्यात झाल्या आणि फारोख तारापोर व झरीर करंजिया यांनी फायरबॉल वर्गात सुवर्णपदक मिळवले. गोव्यात रत्नाकर दांडेकरांनी बांधलेल्या ‘म्हादेई’तून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने जगप्रदक्षिणा केली. असे करणारे ते पहिले भारतीय. आज शर्यतीची छोटी होडी वाऱ्याशी ४५ अंशांच्या आसपास कोन राखते आणि कोणत्या वाऱ्यात कोणत्या कोनाला किती वेग मिळेल, याचे आलेख संगणक काढून देतो. कोळ्यांच्या शिडाच्या मचव्याचा मात्र असा आलेख माझ्या पाहण्यात नाही. ज्यांनी लहानपणी वडिलांबरोबर परबाण फिरवले, अशी माणसे उत्तन, पाली, चौकच्या गल्ल्यांत आता सत्तरी-ऐंशीत असतील. मीरा-भाईंदर महानगरपालिकेने, एखाद्या महाविद्यालयाने किंवा कोळीवाड्यातल्या शिकल्यासवरल्या मुलांनी त्यांच्याजवळ बसून हे लिहून घ्यावे, एक मचवा जुन्या मापाने बांधावा आणि तो वाऱ्यावर किती चढतो ते मोजावे. हे काम येत्या दहा वर्षांतच व्हायला हवे.