कराचीला न पोहोचलेली वायुनौका

पोलादनगरीत वास्तव्य करणाऱ्या आम्हां मंडळींना यंत्रयुगाच्या विजयकथांचे अगत्य असणे स्वाभाविकच आहे. परंतु प्रस्तुत स्मरणिकेच्या निमित्ताने आम्हांस एका पराभवाचे स्मरण करावेसे वाटते. तिचा एक धागा पोलादाशी, दुसरा नाशिकशी आणि तिसरा जुन्या मुंबई इलाख्याशी जुळलेला आहे.

पहिल्या महायुद्धानंतर, १९२४ साली, साम्राज्यातील दूरचे देश हवाई मार्गाने जोडण्यासाठी ब्रिटिश सरकारने दोन प्रचंड वायुनौकांची योजना आखली. त्यांपैकी ‘आर १०१’ ही नौका कार्डिंग्टन येथे खुद्द हवाई मंत्रालयाने बांधली. तिच्या सांगाड्यात गंजरोधक पोलादाचा मुबलक वापर होता. तिला कराचीस यावयाचे होते. कराची त्या काळी मुंबई इलाख्यातच मोडत असे, आणि नौकेसाठी तेथे एक भव्य निवाराही उभारला गेला होता. हवाईमंत्री लॉर्ड थॉमसन हे पूर्वीचे लष्करी अधिकारी. त्यांचा जन्म १८७५ साली नाशिक येथे झाला होता.

नौका अपेक्षेहून जड झाली. म्हणून १९३० साली ती मधोमध विभागून नवा भाग जोडण्यात आला व तिची लांबी ७७७ फूट झाली. हायड्रोजनच्या पिशव्या सांगाड्यावर घासतात, असा लेखी इशारा तपासनिसाने जुलैमध्येच दिला होता. अखेरच्या चाचणीत पूर्ण वेगाची परीक्षा होऊ शकली नाही. तथापि, साम्राज्य परिषदेसाठी मंत्रिमहोदयांना २० ऑक्टोबरपर्यंत लंडनला परतावयाचे होते. उड्डाणयोग्यतेचा दाखला निघाला.

४ ऑक्टोबर १९३० च्या सायंकाळी नौकेने प्रयाण केले. वाटेतच सोसाट्याच्या वाऱ्याची सूचना मिळाली. तरीही ती पुढे जात राहिली. मध्यरात्रीनंतर दोनच्या सुमारास, वादळी पावसात, फ्रान्समधील बोव्हे गावाजवळ ती जमिनीवर आदळली आणि हायड्रोजनने पेट घेतला. ५४ जणांपैकी ४८ मृत्युमुखी पडले. त्यांत लॉर्ड थॉमसन होते, नौकेचा कप्तान होता आणि हवाई दलातील अनुभवी अधिकारीही होते.

चौकशीचे काम सर जॉन सायमन यांच्याकडे आले. १९२८ साली ज्यांचे स्वागत आपल्या लोकांनी काळ्या निशाणांनी केले, तेच हे सायमन. त्यांच्या १९३१ च्या अहवालानुसार पुढील भागातील वायू एकाएकी निसटणे हे अपघाताचे निकटचे कारण होते. परंतु सार्वजनिक धोरणाची निकड नसती, तर नौका त्या संध्याकाळी निघालीच नसती, असेही त्यांनी नमूद केले. कराचीच्या त्या निवाऱ्यात एकही वायुनौका कधी विसावली नाही.

१९५९ साली भिलाईची पहिली झोतभट्टी पेटली, तेव्हापासून मुहूर्त आणि सिद्धता यांतील ओढाताण आमच्या परिचयाची आहे. मुहूर्ताची तारीख कागदावर लिहिता येते. पण ती वारा वाचत नाही आणि धातूही वाचत नाही. जुलैमधील त्या तपासनिसाचे पत्र वेळीच मानले असते, तर आज या ४८ जीवांचे स्मरण करण्याची वेळ आम्हांवर आली नसती, असे वाटल्यावाचून राहत नाही.