अज्ञात गुन्हेगार आणि संख्याशास्त्रीय अनुमान

बलात्काराच्या ज्या गुन्ह्यात अत्याचारी हा पीडितेस सर्वस्वी अपरिचित असतो, तेथे तिच्या परिचितांमध्ये शोध घेऊन काही हाती लागत नाही. अशा प्रसंगी वर्तनावरून गुन्हेगाराचे स्वरूप ताडण्याची पद्धत प्रथम अमेरिकेत एफ. बी. आय.च्या अधिकाऱ्यांनी रूढ केली. तिचा आधार मुख्यतः अनुभव हा होता. या अनुभवाच्या जागी गणना आणण्याचा प्रयत्न ब्रिटनमध्ये झाला.

लंडनच्या रेल्वे-परिसरातील बलात्कार व खून यांच्या तपासात १९८६ साली सरे विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ डेव्हिड कँटर यांचे साहाय्य घेण्यात आले. घटनास्थळे कालक्रमाने नकाशावर मांडून गुन्हेगार किलबर्नच्या आसपास राहत असावा, असे अनुमान त्यांनी केले. जॉन डफी याचे नाव पोलिसांच्या संशयितांच्या लांबलचक यादीत आधीच होते. अनुमानाने त्याच्याकडे लक्ष वेधले. १९८८ साली त्यास शिक्षा झाली. त्याचा साथीदार मात्र २००१ पर्यंत दोषी ठरला नाही.

पुढे १९९० साली कँटर व हेरिटेज यांनी २७ गुन्हेगारांच्या ६६ गुन्ह्यांचे विश्लेषण केले. जी कृत्ये वारंवार एकत्र घडतात ती आलेखावर परस्परांजवळ येतात, हे त्या पद्धतीचे मर्म होय. १९९८ साली ब्रिटिश गृहखात्याने प्रसिद्ध केलेल्या, डेव्हिस व सहकाऱ्यांच्या अभ्यासात २१० गुन्हेगारांच्या वर्तनावरून त्यांच्या पूर्वशिक्षांचा संभव वर्तविण्याचा प्रयत्न झाला. बळाने घरात शिरणाऱ्यास घरफोडीची पूर्वशिक्षा असण्याचा संभव अधिक, अशा स्वरूपाची ही अनुमाने होती.

या साऱ्यामागे एक गृहीत होते: समान वर्तन करणारे गुन्हेगार स्वभावाने व परिस्थितीनेही समान असतात. २००२ साली मोक्रोस व ॲलिसन यांनी १०० गुन्हेगारांवर ते पडताळून पाहिले. वर्तनातील साम्य आणि वय, सामाजिक स्थिती वा पूर्वशिक्षा यांतील साम्य यांचा संबंध आढळला नाही. शिवाय अशी प्रतिमाने सापडलेल्या गुन्हेगारांवर रचलेली असतात. जे कधी सापडलेच नाहीत किंवा ज्यांच्याविरुद्ध फिर्यादच झाली नाही, ते गणनेबाहेर राहतात.

अनुमानास पुरावा मानण्याचे परिणाम किती गंभीर असतात, हे १९९२ सालच्या विम्बल्डन येथील खुनाच्या प्रकरणात दिसले. तेथील अनुमान संख्याशास्त्रीय नव्हते. तज्ज्ञाच्या निदानावर आधारलेले होते. त्यास अनुसरून रचलेल्या सापळ्यातील पुरावा १९९४ साली न्यायमूर्ती ऑगनॉल यांनी अग्राह्य ठरविला व आरोपी सुटला. खरा गुन्हेगार डी. एन. ए. परीक्षेच्या आधारे २००८ साली दोषी ठरला. तोपर्यंत एक निर्दोष मनुष्य लोकापवाद सोसत होता.

तात्पर्य, संख्याशास्त्र समूहाविषयी बोलते. न्यायालय व्यक्तीविषयी निर्णय देते. संशयितांच्या यादीचा क्रम लावण्यास प्रतिमान उपयुक्त आहे, परंतु त्या यादीतील एखाद्याचा अपराध त्यामुळे सिद्ध होत नाही. ही मर्यादा पाळण्यातच पीडितेचा न्याय आणि निर्दोषाचे रक्षण, दोन्ही साधतात.