बांध कोणाचा?

पेढी असो वा कारखाना, तिची रचना कागदावर कितीही सुबक दिसली तरी तिचा खरा कस एकाच प्रश्नानें लागतो : काम बिघडलें तर जबाब कोणीं द्यावयाचा? या प्रश्नाचा इतिहास पाहण्यास आम्ही वाचकांस पेण-रोह्याच्या खारेपाटांत नेऊं इच्छितों.

भोगावती, अंबा व कुंडलिका यांच्या खाड्यांलगतची ही भातशेती समुद्राकडून हिसकावून घेतलेली. भरती अडविणारा बाहेरचा बांध आणि पावसाचें पाणी ओहोटीस सोडणारी उघाडी, यांवर तिचें सारें जीवित. खेकड्याचें एक बीळ वेळींच बुजविलें नाहीं तर उधाणाला तेथेंच खांड पडते. खारें पाणी एकदां शिरलें कीं शेत पिकाला पारखें होतें. एकाचा आळस साऱ्या खाराला भोवतो.

म्हणून पेण भागांत शिलोत्री पद्धत निघाली. 1883 च्या कुलाबा गॅझेटियरांत तिची नोंद आहे. शिलोत्रीदारानें बांध राखावा आणि त्याबद्दल कुळांकडून सरकारी धाऱ्याखेरीज भाताचा वेगळा हिस्सा घ्यावा. कांहीं ठिकाणीं डागडुजी कुळेंच मिळून करीत. 1916 मध्यें हेन्री फेयोल या फ्रेंच अभियंत्यानें अधिकार व जबाबदारी यांची जोडी फोडूं नये, असें व्यवस्थाशास्त्रांत लिहिलें. हॉलंडांत तेराव्या शतकापासून चालत आलेल्या जलमंडळांचेंही मर्म तेंच. आमच्या खारेपाटाला तें चिखलांत उभें राहून कळलें होतें. या पद्धतींत दोष नव्हता असें नाहीं. हिस्सा घेणाऱ्यास बांध विसरतां येतो. त्यामागें राहणाऱ्या कुळास तो विसरतां येत नाहीं.

मोठ्या खांडी तर गांवाच्या आवांक्याबाहेरच्याच. मुंबई सरकारनें 1948 मध्यें खारजमिनींचा कायदा करून मंडळ स्थापिलें. 1979 मध्यें महाराष्ट्रानें नवा कायदा केला. सरकारी योजनांतील बाहेरचे बांध खात्याकडे आले. पैसा आला, अभियंते आले. हें आवश्यकच होतें. परंतु बीळ प्रथम दिसतें शेतकऱ्यास, आणि तें बुजविण्याची मंजुरी दूरच्या कचेरींत. पाहणारा एक, ठरविणारा दुसरा, बुडणारा मात्र पहिलाच!

सरकारनें हात काढावा असें आमचें म्हणणें नाहीं. द्रव्य व शास्त्र वरून यावें. पण राखणीचा अधिकार व त्यापुरता पैसा बांधाजवळ असावा. संस्थेचा तक्ता आंखणारानें आधीं एवढेंच विचारावें : मध्यरात्रीं उधाण आलें, तर कंदील घेऊन बांधावर कोण जाईल?